सुझुकाला सूर्य साडेपाचला मावळतो

२०२५ची २७ जुलै. बेल्जियममधल्या स्पाची फॉर्म्युला वन शर्यत आमच्या इथल्या, जपानच्या घड्याळाने रात्री दहाला होती. दुसऱ्या दिवशी सोमवार, सव्वाआठला कारखान्यात चोरेई, म्हणजे कामाआधीची सकाळची बैठक. पोरीला झोपवलं, भांडी घासून ठेवली आणि शर्यती दाखवणारं दाझोन ॲप लावून बसलो. सेफ्टी कारच्या, म्हणजे सगळ्यांचा वेग आवरून धरणाऱ्या गाडीच्या मागे एक फेरी मारून गाड्या परत आल्या आणि थांबल्या. पाऊस वाढला. तासभर वीस मिनिटं पडद्यावर फक्त ताडपत्र्या, छत्र्या आणि ओले मेकॅनिक.

सव्वाअकराला कोल्हापुरातून दादाचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. दादा म्हणजे माझा आत्तेभाऊ. शिवाजी उद्यमनगरात त्याचं गॅरेज आहे आणि नुसत्या आवाजावरून इंजिनातलं दुखणं ओळखणारी जी माणसं मी आयुष्यात पाहिली, त्यात तो पहिला.

"मर्दा, पाऊस पडला म्हणून थांबायचं हाय, तर गाड्या कशाला आणल्यात तिथं? आत्ता शिरोलीपास्नं भिजत आलोय मी, पुढचं काय बी दिसत नव्हतं. आलोच का नाही? ही सगळी भिऊन बसल्यात."

मी उत्तरात दोन ओळी लिहिल्या, त्याचा दुसरा निरोप आला. "तुला नाही कळायचं. तू आता तिकडला झालास. तिकडं सगळंच जपून."

शर्यत सुरू झाली तेव्हा इथे अकरा वीस झाले होते. पियास्त्री जिंकला तेव्हा सोमवार लागून बराच वेळ झाला होता. तरीही झोप लागली नाही. ते वाक्य काही केल्या उतरेना. तेव्हापासून आमचं हे भांडण चालू आहे. दर शर्यतीला नव्याने निघतं आणि तिथेच येऊन अडकतं.

आधी त्याच्या मुद्द्याचं बघू, कारण तो त्याच्या एकट्याचा नाही. गावाकडच्या माझ्या सगळ्या मित्रांचं हेच मत आहे. जुने ड्रायव्हर मर्द होते, आताचे नाजूक आहेत. गाडी ओल्या रस्त्यावर घसरते, मग सावकाश चालवा, थांबता कशाला? मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात चौदा वर्षं काढली आहेत, म्हणून मला राग येतो. अडचण घसरण्याची नसतेच. पिरेलीचा भर पावसाचा टायर ताशी ३०० किलोमीटर वेगात सेकंदाला ८५ लिटर पाणी उपसतो. एक टायर. ते पाणी कुठे जातं? मागच्या माणसाच्या तोंडावर. त्यात २०२२ ते २०२५च्या गाड्यांचा तळ हवा खेचून रस्त्याला चिकटायचा, आणि हवेबरोबर पाणीही खेचून मागे उंच उडवायचा. दहाव्या नंबरवरच्या ड्रायव्हरला पुढची गाडी दिसत नाही, तिचा मागचा लाल दिवाही दिसत नाही. शिरोलीहून येताना दादाला पुढचं दिसत नव्हतं तेव्हा तो तीसच्या वेगात होता आणि पुढचा ट्रकवाला चाळीसच्या.

याच स्पाला, २०२३च्या १ जुलैला, अशाच पावसात आणि अशाच फवाऱ्यात दिलानो व्हान्ट हॉफ हा अठरा वर्षांचा मुलगा गेला. खालच्या गटातली शर्यत होती, जगाने फारशी पाहिली नाही. त्याची गाडी रस्त्यावर आडवी झाली होती आणि मागून येणाऱ्याला ती दिसलीच नाही. त्यानंतर दोन वर्षांनी त्याच सरळ रस्त्यावर वीस गाड्या सोडायच्या होत्या. तासभर वीस मिनिटं थांबले. मी असतो तर दोन तास थांबलो असतो.

हे सगळं मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, मग २०२१ला का सोडल्या?

आणि इथे त्याचं म्हणणं मला मान्य आहे. २०२१च्या ऑगस्टमध्ये ह्याच स्पाला दिवसभर पाऊस होता. लोक तासन्‌तास चिखलात उभे होते. शेवटी संध्याकाळी गाड्या सेफ्टी कारच्या मागे निघाल्या, मोजक्या फेऱ्या झाल्या, कोणी कोणाला ओलांडायचा प्रश्नच नव्हता, शर्यत थांबवणारा लाल झेंडा आला आणि अर्धे गुण वाटून टाकले. शर्यत झाली असं कागदावर यावं एवढ्यापुरत्या त्या फेऱ्या. तेव्हा कोणी भिऊन बसलं नव्हतं आणि कोणी हिंमतही दाखवली नव्हती. फक्त शर्यत उरकून घेतली होती.

म्हणून मी म्हणतो, आपण भांडतोय ते चुकीच्या गोष्टीवर. पाऊस कोणाच्या हातात नाही. तीन वाजता सुरू करायचं की एक वाजता, हे मात्र माणूस ठरवतो, आणि तो माणूस त्या मैदानावर उभा नसतो. ज्याच्यासाठी ठरवतो तोही तिथे नसतो. तो हजारो मैलांवर रविवारचा चहा घेत बसलेला असतो.

जपानची पहिलीच फॉर्म्युला वन शर्यत घ्या. फुजी, २४ ऑक्टोबर १९७६. लाउडा आणि हंट यांच्यात विजेतेपदाचा निकाल लागायचा होता, त्यामुळे युरोपात थेट प्रक्षेपण होतं, उपग्रहाची वेळ ठरलेली होती. सकाळपासून धुकं आणि पाऊस. सुरुवात दीड तासाहून अधिक लांबली. ड्रायव्हरांत दोन तट पडले. शेवटी उजेड जायला लागला, उपग्रहाची वेळ हातची जाईल असं दिसलं, तेव्हा त्या पाण्यात गाड्या सोडल्या. बारा आठवड्यांपूर्वी जर्मनीत आगीत होरपळलेला लाउडा दोन फेऱ्या मारून परत आला आणि गाडीतून उतरला. त्याच्या पापण्या भाजलेल्या होत्या, डोळे नीट मिटतही नव्हते. इंजिन बिघडलं असं सांगू, असं संघाने सुचवलं. त्याने नाही म्हटलं. हंट तिसरा आला आणि एका गुणाने जगज्जेता झाला, ६९ विरुद्ध ६८. फित्तिपाल्दीही त्या दिवशी गाडी सोडून उतरला होता. त्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दादाचे 'जुने मर्द' ते हेच. त्यातल्या सगळ्यात मोठ्याने उतरायचं ठरवलं आणि खोटं कारण द्यायलाही नकार दिला. याहून मोठी हिंमत मी तरी पाहिलेली नाही.

मग २००९चं सेपांग. मलेशियात संध्याकाळी पाच वाजता सुरुवात, कारण युरोपात तेव्हा सकाळचे दहा-अकरा वाजतात. आपल्याकडे दुपारचे अडीच. तो रविवार मला चांगला आठवतो. तेव्हा मी कोल्हापुरातच होतो. दादाच्या घरी मटण जेवून, पान खाऊन आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो आणि वेळ किती सोयीची आहे म्हणून दोघंही खूश होतो. तिथे रोज संध्याकाळी पाऊस येतो, हे मलेशियात कोणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. आपल्याकडे वळीव दुपारनंतरच उठतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, मळणी काढणारा माणूस त्याप्रमाणे सकाळीच कामाला लागतो. पण तो पाऊस कोणी धरलाच नव्हता. ढग फुटल्यासारखा आला. लाल झेंडा. सगळे थांबले, रायकोनेन आइस्क्रीम खात उभा राहिला, आम्ही हसलो. मग अंधार पडला आणि परत सुरू करणं शक्यच नव्हतं. एकतिसाव्या फेरीचा निकाल धरला, जेन्सन बटनला विजयाचे निम्मेच, पाच गुण मिळाले. एक-दोन वाजता सुरू केली असती तर पाऊस यायच्या आत कधीच संपली असती.

खासबागेत पावसाळ्यात कुस्त्यांचं मैदान कोणी ठरवतं का? शाहू महाराजांनी बांधलेलं उघडं मैदान, मधे तांबडी माती. पावसाळ्यात आखाडा बंद ठेवतात म्हणून आपल्या पैलवानांना कोणी भित्रे म्हणत नाही. मातीला पाणी चालत नाही, विषय संपला. हे मी दादाला ऐकवलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला, पण माझ्या लक्षात आलं की मी माझ्या सोयीचं उदाहरण शोधून आणलं होतं. कुस्ती मातीची, शर्यत डांबराची. तरी मी ते मागे घेणार नाही.

भारताचा विषय निघाला की मात्र माझंच काहीतरी उलटं होतं. २०२३च्या सप्टेंबरमध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकलींची शर्यत झाली. उकाडा असा की चोवीस फेऱ्यांच्या एकवीस केल्या, आणि दुसरा आलेला होर्हे मार्तिन शर्यत संपल्यावर अंगातलं पाणी कमी होऊन कोसळला. सोमवारी कारखान्यात एकाने मला अगदी अदबीने विचारलं, सप्टेंबरात तिकडे एवढा उकाडा असतो, तर तारीख तीच का घेतली? मला ते लागलं. मी म्हणालो, इथे जपानात सुझुकाची शर्यत वर्षानुवर्षं वादळांच्या महिन्यात का घेत होता मग? तो माफी मागून गेला. जेवणाच्या सुट्टीत मला स्वतःचीच लाज वाटली, कारण त्याचा प्रश्न बरोबर होता. रात्री दादाशी बोलताना मी त्याचेच शब्द वापरून आपल्या आयोजकांना बोल लावले. तेव्हा दादा आयोजकांची बाजू घेऊन भांडला. म्हणजे इथे मी तिकडचा वकील आणि तिकडे इथला. त्याच वर्षी डिसेंबरात चेन्नईची रस्त्यावरची शर्यत मिचौंग वादळामुळे पुढे ढकलली. शहर पाण्यात होतं. तो निर्णय मी इथे चार जणांना आपणहून सांगितला.

घड्याळ हलवता येतं, हे या सगळ्यांना माहीत आहे. २०२४च्या नोव्हेंबरात साओ पाउलोला शनिवारी पावसाने पात्रता फेरी, म्हणजे कोण कुठल्या जागेवरून निघणार ते ठरवणारी फेरी, झाली नाही. ती रविवारी सकाळी साडेसातला घेतली आणि शर्यत दीड तास अलीकडे ओढून साडेबाराला सुरू केली. पावसातच झाली, व्हर्स्टाप्पन सतराव्या जागेवरून जिंकला, आणि टीव्हीवाल्यांचं काहीही बिघडलं नाही. आपल्याकडे साडेदहाऐवजी रात्री नऊला दिसली. दादाची त्या दिवशी काहीच तक्रार नव्हती.

सुझुकावर माझा जीव का, तेही सांगतो. ९ ऑक्टोबर २००५. मी कोल्हापुरात केआयटी कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो. शनिवारच्या पात्रता फेरीत पाऊस आला आणि मोठी मोठी नावं मागे फेकली गेली. रविवारी लख्ख ऊन. रायकोनेन सतराव्या जागेवरून निघाला. अलोन्सोने १३०आरच्या वळणावर बाहेरच्या बाजूने शूमाकरला ओलांडलं. आणि शेवटच्या फेरीच्या पहिल्याच वळणावर रायकोनेन फिसिकेलाच्या पुढे गेला. आमच्याकडे सकाळी साडेदहाला सुरू झाली होती, मधे वीज गेली, दादाने गॅरेजातली बॅटरी आणि इन्व्हर्टर खांद्यावरून आणून टीव्हीला जोडला. शेवटच्या सात-आठ फेऱ्या आम्ही त्यावर बघितल्या. त्या दिवशी मी ठरवलं की हे ठिकाण बघायचं. दादाने इन्व्हर्टर आणला नसता, तर मी आज सुझुकाजवळच्या योक्काइचीत असतो की नाही, मला माहीत नाही.

पाऊस नसता तर ती शर्यतही तशी झाली नसती. म्हणून मी पावसाचा वैरी नाही.

२०१९ची गोष्ट सांगायला मला जड जातं. ऑक्टोबरात हागिबिस वादळ येणार होतं. शुक्रवारीच जाहीर झालं, शनिवारी सर्किट बंद. पात्रता फेरी रविवारी सकाळी दहाला, शर्यत दुपारी. टोयोटा शहरातला न्यूझीलंड-इटली रग्बी विश्वचषकाचा सामना तर दोन दिवस आधीच रद्द केला होता. मी खिडक्यांच्या काचांना टेप लावली, बाल्कनीतल्या कुंड्या आत घेतल्या, कोम्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, पाव आणि पाणी आणलं आणि दादाला फोन करून मोठ्या अभिमानाने सांगितलं, बघ, इथे असं असतं, आधी थांबवतात. तो ऐकून घेत होता.

दोनच महिन्यांपूर्वी, ऑगस्टमध्ये, पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ची. शिरोलीला महामार्ग बंद, शाहूपुरीत पाणी, व्हीनस कॉर्नरला होड्या. माझी आई कुंभार गल्लीत पहिल्या मजल्यावर अडकली होती. मी इथे कारखान्याच्या जिन्यात उभा राहून मोबाइलवर पाण्याचे आकडे बघत होतो, बंधाऱ्यावर किती फूट, राधानगरीचे किती दरवाजे उघडले. दादा छातीभर पाण्यातून गेला, आईला पाठीवर घेतलं, होडीत बसवलं आणि राजारामपुरीत आपल्या घरी नेलं. तिथे ती बावीस दिवस राहिली. मी गेलो नाही. विमानाचं तिकीट होतं, रजाही मिळाली असती. रस्ते बंद आहेत, पोहोचूनही काही उपयोग नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि ते खरंही होतं.

तर पाण्यातल्या हिमतीबद्दल बोलायचा हक्क त्याचा आहे, माझा नाही. तो 'भिऊन बसल्यात' म्हणतो तेव्हा मला जो राग येतो, त्यातला किती व्हर्स्टाप्पनसाठी आणि किती स्वतःसाठी, हे मला वेगळं काढता येत नाही.

आणि जपानची बढाई मारायला गेलो तर तीही अर्धीच आहे. ज्या वादळाला मी टेप लावून तयार होतो, त्याच रात्री नागानोत चिकुमा नदीने बांध फोडला आणि डेपोतल्या शिनकान्सेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, दहा गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. इथल्या बातम्यांत तो फोटो आठवडाभर होता. मी तो दादाला पाठवला नाही.

रद्द करण्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला वाटतं इमोलाचं. मे २०२३, एमिलिया-रोमान्यात पूर आला, शर्यतीच्या चार दिवस आधी रद्द केली. सर्किट ओलं होतं म्हणून नव्हे, तर पोलीस, रुग्णवाहिका आणि बचावाची माणसं गावांना हवी होती म्हणून. हे दादालाही पटलं. पुराचं त्याला समजावून सांगावं लागत नाही.

आता सुझुका. माझ्या घरापासून किंतेत्सु रेल्वेने शिरोको स्टेशन, तिथून बस, गर्दी असली तर चालत. २०११पासून, कोविडची दोन वर्षं सोडली, तर मी एकदाही चुकलेलो नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला इथे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, आणि ढग असले की पाचलाच दिवे लावावे लागतात. २०१४ला शर्यत दुपारी तीनला होती. युरोपात तेव्हा सकाळचे आठ. दोनला घेतली असती तर सात, आणि रविवारी सातला युरोप झोपलेला असतो. त्या एका तासाची किंमत मी आजपर्यंत कोणाला नीट सांगू शकलेलो नाही.

फानफोन वादळ येत होतं. ते सोमवारी सकाळी हामामात्सुजवळ जमिनीवर आलं, म्हणजे रविवारी त्याचा पाऊस आमच्यावर होता. मी शिकेनच्या, म्हणजे नागमोडी वळणाच्या, समोरच्या स्टँडमध्ये होतो. छत्री उघडायची नाही, म्हणून कप्पा, म्हणजे इथला रेनकोट घालून, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून. तीनला सेफ्टी कारच्या मागे निघाले, दोन फेऱ्या झाल्या, लाल झेंडा. वीस मिनिटं आम्ही थंडीत कुडकुडत बसलो. मग गाड्या परत निघाल्या आणि सगळं स्टँड उभं राहिलं, टाळ्या. मी पण वाजवल्या. मोठमोठ्याने. तिकीट एक महिना आधी काढलेलं, सकाळी सहाला घरातून निघालेलो, शर्यत व्हायलाच हवी होती. त्या क्षणी कोणी मला विचारलं असतं, थांबायचं का? तर मी म्हणालो असतो, भिऊन बसलात काय.

चाळिसाव्या फेरीच्या आसपास पाऊस वाढला आणि उजेड खाली उतरला. समोरच्या गाड्यांचे रंग कळेनात. बेचाळिसाव्या फेरीला डनलप वळणावर सुटिल घसरला. त्याची गाडी उचलायला क्रेन आत आली, दुहेरी पिवळे झेंडे लागले, म्हणजे वेग खूप कमी करा, थांबायची तयारी ठेवा. पुढच्या फेरीला ज्यूल बियांकीची गाडी त्याच ठिकाणी घसरून क्रेनखाली गेली. आमच्या पडद्यावर काहीच दाखवलं नाही. सेफ्टी कार आली, मग लाल झेंडा, मग शांतता. पहिले तिघे व्यासपीठावर आले, पण शॅम्पेन उडालं नाही, तेव्हा स्टँडमधल्या माणसांना काहीतरी कळलं.

पुढे दहा जणांची समिती बसली. त्यात फित्तिपाल्दी होता, १९७६ला फुजीवर गाडीतून उतरलेला तोच. समितीने म्हटलं की दुहेरी पिवळ्या झेंड्यांखाली बियांकीने वेग पुरेसा कमी केला नव्हता. दादा दर भांडणात हे वाक्य काढतो, आणि ते अहवालात आहे, मी नाकारत नाही. पण त्याच अहवालात हेही आहे की वळणावर पाणी रस्ता ओलांडून वाहत होतं, आणि पुढची शिफारस अशी की रात्रीच्या शर्यती सोडून कुठलीही शर्यत सूर्यास्ताच्या किमान चार तास आधी सुरू व्हावी. पावसाळ्यातल्या तारखा टाळाव्यात, असंही. २०१५ला सुझुकाची वेळ तीनवरून दोनवर आली. हिशोब करा: साडेपाचमधून चार गेले की दीड. दोन नव्हे. अर्धा तास तरीही टीव्हीचाच राहिला.

तो अर्धा तास २०२२ला दिसला. दोनला सुरुवात, पाऊस, पहिल्याच फेरीत साइन्झ धडकला, आणि त्या फवाऱ्यात गास्लीच्या अगदी शेजारून गेलेलं वाहन कोणतं? क्रेन. त्याच सर्किटवर, आठ वर्षांनी. गास्ली बियांकीचा मित्र होता. रेडिओवरचा त्याचा आवाज ज्यांनी ऐकला ते विसरणार नाहीत. लाल झेंडा, दोन तासांहून जास्त थांबणं, सव्वाचारला परत सुरुवात, तीन तासांची मुदत संपायला पाऊण तास. त्रेपन्नपैकी अठ्ठावीस फेऱ्या आणि पूर्ण गुण. व्हर्स्टाप्पन जगज्जेता झाला, पण ते त्याला स्वतःलाच पटत नव्हतं. त्या दिवशी मात्र सव्वाचारला टाळ्या वाजल्या तेव्हा मी बसून राहिलो. शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे वळून पाहिलं, काही बोलले नाहीत, त्यांनीही हात मांडीवरच ठेवले.

२०२४ला सुझुकाची शर्यत एप्रिलमध्ये आली. साकुरा म्हणजे चेरीचा बहर, कोवळं ऊन, सूर्यास्त सव्वासहाच्या पुढे. पहिल्यांदाच चार तासांचा हिशोब नीट जमला. कारण विचाराल तर वेळापत्रकात जवळजवळचे देश एकत्र आणायचे होते, सामानाची ने-आण कमी करायची होती. समितीचं म्हणणं पाळलं म्हणून नव्हे. असू दे. कोणत्याही कारणाने का होईना, वादळाच्या महिन्यातून बाहेर आली. दादा म्हणतो, ऑक्टोबरातली मजा गेली, पाऊस असला की शर्यतीला चव असते. हे म्हणणाऱ्या माणसाने ते पाणी पाहिलेलं आहे, म्हणून मी त्याच्याशी यावर भांडत नाही.

बियांकीला रुग्णवाहिकेतून आमच्या योक्काइचीतच आणलं. त्याचे आईवडील फ्रान्सहून आले. प्रांतीय रुग्णालय माझ्या कारखान्याच्या वाटेवर आहे. नोव्हेंबरात त्याला नीसला नेईपर्यंत मी रोज सायकलवरून तिथून जायचो आणि वर खिडक्यांकडे बघायचो. तो पुढच्या जुलैत गेला, पंचविसाव्या वर्षी. तीन वर्षांनी माझी मुलगी त्याच इमारतीत जन्मली. आईने फोनवर विचारलं होतं, बाळंतपणाला इकडे का आणत नाहीस? तेव्हाही मी काहीतरी खरंच कारण सांगितलं होतं.

२०१४च्या त्या रविवारी शिरोकोला जायला बसची रांग न संपणारी होती, म्हणून मी चालत निघालो. रस्त्याला माणसंच माणसं, सगळी कप्प्यात, कोणी बोलत नव्हतं. स्टेशनच्या अलीकडे कोणीतरी मोबाइलवर बातमी वाचून शेजारच्याला हळू आवाजात सांगितली. बियांकी शुद्धीवर नाही. मी ऐकलं. माझे हात ओले होते, टाळ्यांनी तळवे अजून लाल होते, किंवा थंडीने असतील. खिशात फोन वाजला. दादा.

"संपली का? आमच्यात लाइट गेल्ती. कोण जिंकलं?"

मी शिरोकोच्या जिन्याखाली थांबलो, फोन बाहीने पुसला आणि लिहिलं, हॅमिल्टन.